राणीचं हिरवं रेशीम

रागाच्या भरात मी एकदा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला माझाच पदर शिवून टाकला होता. आणि म्हणे शिंप्याची सून!

आमच्या कानडी मुलखात दसऱ्याला बाहुल्या मांडतात, म्हणून आज पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि लाकडी राणी हाती लागली. अंगावर अजून तेच हिरवं रेशीम.

ते त्या ब्लाउजच्या बाहीचं. मी मशीनवर वाकलेली असताना माझ्या पाच वर्षांच्या सुमीनं आणि धाकट्या बाळूनं ते कापून राणीला नेसवलं होतं. "जरा म्हणून शिवू देत नाहीत मेली! सुम्ने बसा, गप्प एकदम!" मी अशी किंचाळले की दोघं भिंतीला चिकटून गप्प झाली. मी फणफणत पायडल मारत राहिले. काय तो माझा तोरा!

शेवटी धागा तोडून ताडकन उठले, तर ब्लाउजही माझ्या मागून लोंबत आला. मला हसू फुटलं. पोरं हसली नाहीत. जवळ घ्यायला हात पुढे केला, तर सुमी मागे सरकली.

तेव्हा मात्र मी खालीच बसले. "चुकलं गं माझं. कापडापायी तुमच्यावर एवढं ओरडायला नको होतं."

मग सुमी उसवायची छोटी कात्री घेऊन हळूच माझ्या मांडीशी आली आणि थेट माझ्याच आवाजात म्हणाली, "आई, सुम्ने बस. हलू नको, मी सोडवते तुला."