तीनदा बसवलेलं लिनक्स

मी काम करते त्या ग्रंथालयात पोथ्यांची सूची करायला एक नवा प्रोग्राम आला, आणि तो फक्त लिनक्सवरच चालतो असं कळलं. गंगेकाठी, दुर्गाघाटच्या आमच्या घरात लॅपटॉप एकच, तोही विंडोजवाला, आणि माझ्यापेक्षा जास्त बाबांचा. बाबा तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांनी जुन्या वह्यांमधून चार वर्षं एका बोटाने त्यात उतरवली होती.

ग्रंथालयातल्या सहकाऱ्याने उपाय सांगितला: व्हर्च्युअल मशीन. म्हणजे विंडोजच्या आतच एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा आणि लिनक्स त्याच्यात बसवायचं. खऱ्याला धक्का लागत नाही.

रविवारी सकाळी बाबा गंगेवरून अंघोळ करून आले तेव्हा मी कामाला लागले होते. बाबांनाही वाचता यावं म्हणून मी हौसेने हिंदी भाषा निवडली. तीच चूक झाली. पडद्यावर ओळ आली, ‘पूरी डिस्क मिटाएँ’, म्हणजे सगळी डिस्क पुसून टाका.

बाबांनी ओल्या पंच्यावरच लॅपटॉप उचलला आणि छातीशी धरला.

“मिटाएँ? काय मिटाएँ?”

“बाबा, ती खोटी डिस्क आहे. आत्ताच मी तयार केली. रिकामी आहे.”

“खोटी आहे हे तुला माहीत. त्याला माहीत आहे का?”

मी म्हटलं, “पूजेत सुपारी मांडून तुम्ही तिला गणपती म्हणता. विसर्जन केलं की देवळातला गणपती जातो का?”

बाबांनी लॅपटॉप खाली ठेवला, पण अट घातली: आधी यादीची प्रत पेनड्राइव्हवर. ती घेतली. त्यांनी पेनड्राइव्ह तसाच लावून ठेवायला सांगितला, ‘समोर दिसला पाहिजे’ म्हणून.

अर्ध्या तासाने लिनक्स बसलं. सूचना आली: इन्स्टॉलेशनचं माध्यम काढा आणि एंटर दाबा. आता काढायचं काय? सीडी तर नव्हतीच. बाबांनी पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. तो काढला, एंटर दाबलं, आणि पडद्यावर पुन्हा पहिला प्रश्न: भाषा कोणती?

मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा सगळं केलं. पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या खेपेला बाबा माझ्याआधी उत्तरं सांगू लागले. “हिंदी. आगे बढ़ें. मिटाएँ.” चौथ्यांदा भाषा विचारली तेव्हा ते म्हणाले, “आचमन तीनदाच असतं. आता कोणाला तरी बोलाव.”

खालच्या मजल्यावर अकोल्याकडचे एक बँकवाले भाड्याने राहतात. ते चहाचा कप हातात घेऊनच वर आले, आणि पाहून हसायला लागले.

“ताई, लिनक्स केव्हाच बसलंय. पण तुमच्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये खोटी सीडी घातलेली आहे: लिनक्सची जी फाइल तुम्ही उतरवून जोडलीत, तीच. ती बाहेर काढली नाही, म्हणून तो दर वेळी सीडीवरूनच सुरू होतो.”

“खोटी सीडी?” बाबा माझ्याकडे वळले. “हे तू मला सांगितलं नव्हतंस.”

मलाच माहीत नव्हतं. बँकवाल्यांनी सेटिंगमध्ये जाऊन दोन क्लिकमध्ये ती काढली. लिनक्स सुरळीत उघडलं. बाबांनी सगळ्यात आधी विंडोजमध्ये जाऊन आपली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, मगच बँकवाल्यांना आणखी एक चहा मिळाला.

दुपारी मी प्रोग्राम बसवला आणि ग्रंथालयातून आणलेल्या कागदावरून पहिल्या पोथीचं नाव टाकलं. बाबा मागेच उभे होते.

“श्राद्धमधला द्ध चुकलाय. ऊठ.”

मी उठले. त्यांनी चष्मा लावला, एका बोटाने नाव दुरुस्त केलं आणि विचारलं, “दुसरी पोथी कोणती?” संध्याकाळपर्यंत त्यांनी सतरा पोथ्या टाकल्या. मी शेजारी बसून नावं वाचून दाखवत होते.