उचलायचा नाही असा फोन

सोरते काकू तार हातात घेण्याआधी बोटांना राख लावायच्या. त्यांच्या पर्समध्ये कुंकवाची एक जुनी डबी असायची आणि तिच्यात माहेराहून, उमरेडहून आणलेली चुलीची चाळलेली राख. चिमूटभर घेऊन अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासायच्या आणि मग नेटवर्कच्या केबलमधल्या आठ बारीक रंगीत तारा एकेक करून सरळ करायला बसायच्या. पहिल्या दिवशी सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "हसा बाप्पा," त्या म्हणाल्या, "राख लावली का धागा घसरत नाही. माझ्या मायनं शिकवलं हाय."

हा वर्ग धंतोलीत, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खाली दवाखान्यांत आलेल्या पेशंटांचे नातेवाईक डबे घेऊन बसलेले, वर आम्ही कूलरच्या घरघरीत कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेची तयारी करणारे. माझी नोकरी गेली होती आणि हे सर्टिफिकेट हातात असलं तर एखाद्या दवाखान्यात कॉम्प्युटर विभागात चिकटता येईल, असं कोणीतरी सांगितलं होतं. बाकीची पोरं कॉलेजातली. त्यांच्यात तिशी ओलांडलेला मी आणि साठी ओलांडलेल्या काकू असे दोघेच विजोड, म्हणून सरांनी आम्हाला एका बाकावर बसवलं. तोवर दिवसच्या दिवस माझं कोणाशी बोलणं होत नसे. भिवापूरच्या घराला आई गेल्यावर कुलूप लागलं होतं आणि रामदासपेठेतल्या खोलीत माझी वाट बघणारं काही असेल तर ते पाण्याचं भांडं.

काकू तांडापेठेत एकट्या राहायच्या. विणकराच्या घरातल्या, पण शिकून शाळेत गणिताच्या बाई झालेल्या आणि आता निवृत्त. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मंगेश आयर्लंडमध्ये नेटवर्क इंजिनियर. "या वयात ही परीक्षा काहून देऊन राहिल्या तुम्ही?" असं मी त्यांना एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं.

"पोराशी बोलाले," त्या म्हणाल्या. "रविवारी फोन करते तो. जेवली का, गोळी घेतली का, ठेवतो. मी इचारते, तू काय काम करून राहिला बाबू? तर म्हणते, आई, तुले नाही समजणार. बरं, म्हटलं. समजून घेते आणि मंगच इचारते."

मंगेशला यातलं काही सांगायचं नाही, पास झाल्यावरच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याला विचारायचे प्रश्नही त्यांच्या मनात तयार होते. कधीकधी रिक्षाची वाट बघताना ते माझ्यावर घासून बघायच्या आणि मी मंगेश होऊन उत्तरं द्यायचो.

गणित त्यांना सोपं जायचं, पण इंग्रजी आद्याक्षरांनी त्या हैराण व्हायच्या. "नाव ठेवाचं तं पुरं ठेवा ना गा, हे काय तीन-तीन अक्षरं!" सगळ्यात जीव त्यांचा पिंगवर. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला "आहेस का?" असं विचारणं. समोरचा जागेवर असला की उत्तर येतं. चार वेळा विचारून झालं की ते आपोआप थांबतं. आमचे सर सांगायचे, चारांतलं एक उत्तर आलं तरी लाइन जिवंत धरायची. काकू आपल्या कॉम्प्युटरवरून माझ्या कॉम्प्युटरला उगीचच पिंग करत बसायच्या आणि उत्तर आलं की खूश होऊन मला कोपर मारायच्या. "पाह्य, हाव म्हणून राहिला!"

एकदा केबल तयार करायची परीक्षा होती. दोन्ही टोकांना आठ तारा एकाच क्रमानं बसवायच्या, एवढंच काम. काकूंनी एक टोक स्वतः घेतलं, दुसरं माझ्या हातात दिलं, मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "तू उजवीकडून लाव." मी म्हटलं, काकू, दोघांनीही डावीकडूनच लावायचं. त्या अशा काही तापल्या की बस. "मागावर नवा ताणा जुन्या धाग्यांले सांधाचा राहते तवा मी अन् माय समोरासमोर बसो. माझं डावं ते तुझं उजवं. शिकवू नको मले!" गणिताच्या बाईंपुढे कोण बोलणार? मी मुकाट्यानं उजवीकडून लावलं. सरांनी केबल तपासायच्या डबीला लावली तर दिवे इकडे एकपासून आणि तिकडे आठपासून उलटे पेटत गेले. सर इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग म्हणाले, ही चुकलेली नाही, ही वेगळ्या कामाची आहे. नवा राऊटर असतो, त्याला अजून पत्ताही दिलेला नसतो, तेव्हा त्याच्याशी थेट बोलायला अशीच उलटी केबल लागते. काकूंनी ती मागून घेतली आणि घरी नेऊन खुंटीला टांगली.

परीक्षा जवळ आली तेव्हा सकाळच्या अभ्यासाचं आमचं ठरलं. जो आधी उठेल त्यानं दुसऱ्याला मिस कॉल द्यायचा, दुसऱ्यानं उठून परत मिस कॉल द्यायचा. उचलायचा नाही. "उचलला का गप्पा सुरू, अन् अभ्यास गेला बोंबलत," असा काकूंचा नियम होता. कोण आधी उठायचं हे सांगायला नकोच. सकाळी उशाशी फोन दोनदा वाजून थांबला की मी डोळे न उघडता तिकडे रिंग द्यायचो. खूप दिवसांनी कोणीतरी मला उठवत होतं.

परीक्षा आम्ही दोघांनी एकाच दिवशी दिली. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर येतो. काकू पास, मी नापास. बाहेर बाकावर बसून त्यांनी आधी माझी समजूत घातली आणि मग मंगेशला फोन लावला. कानानं कमी ऐकू येई म्हणून त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवत.

"आई? या वेळेला? तब्येत बरी हाय ना?"

काकूंनी सांगितलं. तिकडून तो मोठ्यानं हसला. छान हसला, खोटं कशाला सांगू. काकूंचा चेहरा असा फुलला की मी माझं नापास होणं विसरलो. त्यांनी लगेच पाठ केलेला पहिला प्रश्न विचारला, तुमच्या ऑफिसात राऊटर बंद पडला तर तू आधी काय पाहतो?

"अगं आई," मंगेश म्हणाला, "ते काम सोडून मले खूप दिवस झाले. मी आता मशिनी नाही पाहत. माणसं पाहतो. टीम हाय माझी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"त्यात काय सांगाचं? तुले..." एवढं बोलून तो थांबला. नेहमीचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. "बरं आई, मीटिंग हाय. ठेवतो. अभिनंदन हं."

मला त्या माणसाचा राग आला. अजूनही येतो. काकूंनी फोन पर्समध्ये टाकला, राखेची डबी बाहेर काढली, नुसतीच हातात फिरवली आणि परत ठेवली. मग म्हणाल्या, "आला ना गा आवाज. चारातलं एक आलं तरी लाइन जिवंत."

दुसऱ्या आठवड्यात त्या सरांना विचारायला आल्या की माणसं पाहायचा क्लास कुठं भरतो. सर पुन्हा हसले. या वेळी मी हसलो नाही.

मी दुसऱ्या खेपेला पास होईपर्यंत त्यांचे सकाळचे मिस कॉल चालू राहिले आणि पास झाल्यावरही थांबले नाहीत. मी धंतोलीतल्याच एका दवाखान्यात लागलो. काकूंचे गुडघे गेले तशा त्या उमरेडला धाकट्या भावाकडे राहायला गेल्या. आमची भेट होईना. बोलणंही नाही, कारण नियम नियमच होता. पण सकाळी दोन रिंगा तिकडून, दोन इकडून. त्या असल्याचं मला कळायचं, मी असल्याचं त्यांना. माझ्या आयुष्यात त्या वेळी एवढीच एक लाइन होती आणि ती मला पुरत होती.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फोन वाजला नाही. मी आंघोळ केली, चहा केला आणि मग आपणच मिस कॉल दिला. उत्तर नाही. थोड्या वेळानं दुसरा दिला, मग तिसरा. चौथ्या वेळी तिकडून फोन उचलला गेला.

उचलला गेला तेव्हाच मला समजलं.

"मी त्यांचा भाऊ बोलून राहिलो," एक थकलेला आवाज म्हणाला. "बाई गेली काल सांजच्याले. मंगेश निघाला हाय तिकडून. तुम्ही कोण?"

"क्लासातला," मी एवढंच म्हणालो.

"हाव, हाव. सकाळचा फोन," तो म्हणाला. "माफ करा गा. तीन वेळा वाजला, तरी आम्ही कोणी हात नाही लावला. बाईनं घरात साऱ्याइले सांगून ठेवलं होतं, हा फोन उचलाचा नाही म्हणून."