विमलने जुळवलेली पानं

विमल, त्या दुपारी पंखा मी लावला होता.

ग्रंथपालकाकांना हे कधी कळलं नाही. काल तू गेलीस. आता हे माहीत असलेली मी एकटीच.

सकाळपासून एका जागी बसवत नाहीये.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका जुन्या ग्रंथालयात दुर्मिळ पोथ्या वाचायची सहा महिन्यांची फेलोशिप. मागच्या अंगणातल्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. मी धरमपेठेतली कॉन्व्हेंटवाली, विमल कन्हानच्या सुईणीची मुलगी.

माझी पोथी व्रतकथांची. तिची बाळंतपणातल्या औषधांची.

"माह्या मायले जे येते, ते यात लिहून आहे का, तेवढं पाहाचं आहे," ती म्हणायची.

पोथीची पानं सुटी असतात. म्हणून रीडिंग रूममध्ये पंखा बंद. मे महिन्यातही.

एक दिवस काका जेवायला गेले आणि मी बटण दाबलं.

माझ्या पोथीची दोनशे पानं खोलीभर. पानांचे आकडे वाळवीने खाल्लेले.

"रडून काहून राहिली वं? पानं उडाली, अक्षरं नाही उडाली."

"काका मला हाकलतील."

"तुले नाही, पंख्याले हाकलतील. ऊठ, तिकडची पानं दे."

एकेका पानाची शेवटची ओळ वाचून ती पुढची ओळ शोधायची. मी जुनी अक्षरं अडखळत वाचायचे, ती भराभर. पाच आठवडे लागले.

"आणि तुझी पोथी?"

"ते कुठी पळून राहिली?"

तिची पोथी अर्धी राहिली. तिने एक्स्टेन्शन मागितलं. फेलोशिपच्या समितीने "काम अपुरं" म्हणून नाकारलं.

मी दाराबाहेर उभी होते.

आत गेले नाही.

ती कन्हानला शाळेत शिकवू लागली. माझं पुस्तक आलं. आभारात तिचं नाव नव्हतं. नाव घातलं असतं, तर का तेही लिहावं लागलं असतं.

पुस्तक द्यायला गेले तेव्हा तिने पानांची शिवण बोटाने चाचपली.

"पक्की आहे. आता लाव पंखा."

एवढंच बोलली. नंतर चहा टाकला.

औषधांच्या पोथीवरच्या तिच्या चार वह्या तिने मागच्या महिन्यात माझ्याकडे पाठवल्या. त्या आता ग्रंथालयाला, तिच्या नावाने. पुढे जी मुलगी ती पोथी मागेल, तिला आधी या वह्या द्याव्यात.

पोथ्या वाचायचं माझं भिंग तिच्या नातीला.

माझ्या पुस्तकाची माझी प्रत कन्हानच्या तिच्या शाळेला. आभाराच्या पानावर आज तिचं नाव लिहिलंय. का, तेही.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ते पुस्तक असेल, त्यांनीही लिहून घ्या.