टिपकीचा आडवा फ्रीज

गल्लीत तिला कोणी नावानं हाक मारत नाही. पोस्टमनसुद्धा "गारेगारबाई आहेत का?" असंच विचारतो आणि ती ओ देते. अठ्ठावीस वर्षं ती फ्रीज दुरुस्त करते आहे. जिन्याखालच्या तिच्या दुकानात दोन फ्रीज आणि एक गिऱ्हाईक एवढंच मावतं. दुसरं आलं की पहिल्यानं फुटपाथवर उभं राहून आपली तक्रार पुरी करायची. कान इतका तयार, की फोनवर फ्रीजची घरघर ऐकून ती सांगते, "जाळी भिंतीला टेकलीय. चार बोटं पुढे ओढा." आणि दुरुस्त झालेला फ्रीज देताना ताठ मानेनं बजावते, "वरच्या कप्प्यात आणि खालच्या कप्प्यात एका डिग्रीचा फरक निघाला तर घेऊन या." आजवर कोणी आणलेला नाही.

माणसांकडेही ती त्याच नजरेनं बघते. थोरल्या भावाला ताप आला, तर "याचा कॉम्प्रेसर बंदच होत नाहीये." वहिनी रुसून बसल्या, तर "बर्फ साचलाय, थोडा वेळ बटण बंद ठेवा."

हा थोरला भाऊ, दादा, छत्तीस वर्षं कचेरीत पत्रं टाइप करून निवृत्त झाला. कचेरी सुटली, पत्रांची भाषा काही सुटली नाही. एका दुपारी त्यानं बहिणीला घरी बोलावलं आणि टेबलावरच्या प्लास्टिकच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"सदर प्राणी आजपासून आपल्याकडे वास्तव्यास आहे."

डब्यात वीतभर लांबीची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, गुबगुबीत शेपटीची पाल बसली होती. भिंतीवरच्या पाली डोळे मिटत नाहीत. ही मिटत होती, तेही सावकाश, एखाद्या बड्या अधिकाऱ्यानं अर्ज वाचून ठेवावा तशी. नाव टिपकी.

"पाल ती पाल," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "पण मी काही बोलत नाही, वन्सं. अळ्या खाते म्हणे. जिवंत अळ्या. माझ्या डाळीच्या डब्याशेजारी अळ्यांचा डबा. मी बोललेच नाही." असं त्या पाव तास बोलल्या नाहीत.

टिपकी दादाच्या कचेरीतल्या शेजारच्या टेबलाची. त्या गृहस्थांची बदली झाली, म्हणून या घरात त्यांचं नावच बदलीवाले पडलं. नव्या जागी एकच खोली. ते म्हणाले होते, "महिनाभर ठेवा. मग मी येऊन वजन करतो. तुमच्याकडे मानवलं तर तुमची, नाही तर परत नेतो. राग मानू नका." तेव्हाचं वजन एकावन्न ग्रॅम.

निवृत्तीनंतर दादा सकाळचा चहा होईपर्यंत भिंतीकडे बघत बसायचा. आता पहाटेच वार्ता ऐकू यायच्या: "सदर प्राण्याने दोनदा जांभई दिली." ही पाल परत गेली तर दादा पुन्हा भिंतीकडे बघत बसणार, हे वहिनींनाही कळत होतं. त्या बोलत नव्हत्या एवढंच.

"घर मी बांधते," गारेगारबाई म्हणाली. "असलं बांधते, की तुमचे बदलीवाले बघत राहतील."

भंगारातून तिनं काचेच्या दाराचा, बाटल्या ठेवायचा छोटा फ्रीज काढला. कॉम्प्रेसर उतरवला, फ्रीज आडवा पाडला, आतून खरवडून धुतला. चारही बाजूंनी उष्णतेची वायर फिरवली, थर्मोस्टॅट लावला आणि वर एक नाजूक पंखा बसवला, आतली हवा सारखी खेळती ठेवायला. हवा आत यायला पाणी जायचं भोक होतंच. चार कोपऱ्यांत चार थर्मामीटर ठेवले. चारही बत्तीस.

दादानं बदलीवाल्यांची चिठ्ठी वाचून दाखवली. "घराची एक बाजू उबदार व दुसरी बाजू गार असावी."

"ते त्यांच्याकडे पंखा नसेल म्हणून," ती म्हणाली. "सारखं करायला जमलं नाही की माणूस तसंच लिहितो. माझ्याकडे शंभर येतात. वर बर्फ, खाली पाणी, आणि म्हणतात कंपनीच अशी देते."

दादानं चिठ्ठीची नीट घडी घातली. बहिणीच्या कामावर शेरा मारायची त्याची छाती नव्हती.

टिपकी नव्या घरात गेली आणि तिनं खाणं सोडलं. पाचव्या दिवशी वहिनींच्या काट्यावर, वेगळ्या वाटीत, सत्तेचाळीस भरले. वाटी वेगळी आहे ना, हे वहिनींनी तीनदा विचारून घेतलं.

"दाराला नाक लावून बसते," दादा म्हणाला. "रात्रंदिवस. तिथून हालत नाही."

गारेगारबाईनं दारात कागदाची पट्टी धरली, दार लावलं आणि पट्टी ओढली. टिपकी बसायची त्या कोपऱ्यात पट्टी अलगद सुटून हातात आली. "बघ. रबर गेलंय. इथून गार वारा घुसतोय, बिचारीला थंडी वाजत असणार." तिनं नवं रबर बसवलं. आता पट्टी ओढली तर फाटायची, पण सुटायची नाही. ती खूश होऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी टिपकी तळाशी पडून होती, तोंड उघडं, बोटं मागच्या भिंतीतल्या पाण्याच्या भोकात अडकवलेली.

दादानं फोन केला तेव्हा त्याच्या बोलण्यातलं "सदर" गळून पडलं होतं. "ये गं. लगेच ये."

ती आली, दार उघडं टाकलं आणि पुढ्यात स्टूल घेऊन बसली. टिपकी खरडत खरडत उंबऱ्यापाशी आली, खोलीतल्या हवेत मान ठेवली आणि डोळे मिटले. गारेगारबाई बराच वेळ बघत राहिली. मग जुनं, सैल रबर पिशवीतून काढून हातात धरलं.

"दादा, हिला थंडी नव्हती वाजत. अख्ख्या घरात एकच जागा गार होती, ती मी बुजवली."

दादाचा हात खिशाकडे गेला.

"ती चिठ्ठी कुठेय?"

त्यानं खिशातूनच काढली. तिनं ती स्वतः वाचली, दोनदा. फ्रीजमधल्या बाटलीला जिथे ठेवाल तिथे बसायचं असतं. हिला ऊन लागलं की सावलीत जायचं होतं, पोट भरलं की उबेला, आणि आत सगळीकडे एकच हवा.

"करवत आण," ती म्हणाली.

वहिनी बाहेर आल्या, कारण आवाजच तसा होता. अठ्ठावीस वर्षं जिनं भोकं बुजवली, ती बाई स्वतःच्या हातचं काम कापत होती. उजव्या टोकाचा पत्रा गेला, आतला फोम गेला, तिथे जाळी आली. चारी बाजूंची वायर निघाली आणि डाव्या कोपऱ्यात एकच फरशी ठेवून तिच्याखाली गुंडाळली. मग पंखा. त्याच्या स्क्रूवर तिचा हात जरा थांबला.

"पंखा चांगला होता, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

"फार चांगला होता. म्हणूनच."

संध्याकाळी टिपकी डावीकडच्या फरशीवर पोट टेकून पडली. तासाभरानं उठून उजव्या टोकाला गेली, जाळीशी बसली, पुन्हा डावीकडे. घर आपलं झालं की माणूस असंच उगाच या खोलीतून त्या खोलीत हिंडतो. तिसऱ्या दिवशी तिनं अळी खाल्ली. दादानं वार्ता द्यायला फोन लावला तो सकाळी सहाला, आणि बहीण रागावलीही नाही.

महिना भरला. बदलीवाले न्यायचा डबा घेऊनच आले. काट्यावर त्रेपन्न. त्यांनी पुन्हा ठेवून बघितलं, पुन्हा त्रेपन्न. मग एक हात डाव्या टोकाला घातला, एक उजव्या, आणि तसेच वाकून उभे राहिले.

"हे कोणी केलं?"

दादा पदोन्नतीचं पत्र घ्यायला उभं राहावं तसा उभा होता. "माझ्या बहिणीनं," तो म्हणाला. एवढंच. पुढे-मागे काही नाही.

"डावीकडे बत्तीस, उजवीकडे चोवीस," गारेगारबाई म्हणाली. "मुद्दाम."

बदलीवाल्यांनी अळ्यांचं वेळापत्रक समजावलं, टिपकीच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं आणि रिकामा डबा काखेत मारून निघाले. वहिनींनी त्यांना थांबवून चहा दिला आणि वन्संनी पत्रा कसा कापला ते सांगितलं, जणू दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

आता दुकानात गल्ल्याच्या वर एक फोटो चिकटवलाय. काचेच्या दाराचा नाही, थर्मोस्टॅटचाही नाही. त्या करवतीनं कापलेल्या, जाळी लावलेल्या टोकाचा. गिऱ्हाईकानं विचारलं, की ती हातातलं काम खाली ठेवते आणि पहिल्यांदा आपण काय चुकलो तिथपासून सगळं सांगते, भोक केवढं ते दोन्ही हातांनी दाखवून. तोवर दुसरं गिऱ्हाईक फुटपाथवर उभं असतं.