न मागितलेला कढीपत्ता

भेंडी उचलायची, अंगठ्याने तिचं शेपूट वाकवायचं. कट्‌ असा आवाज आला तर पिशवीत, नुसतीच वाकली तर परत खोक्यात. माझ्या दुकानात भेंडीच्या खोक्यावर ‘मोडू नका’ अशी पाटी आहे. इंग्रजीत आहे, पण लावली होती ती एकाच मराठी बाईसाठी. मावशी त्या पाटीवर आपली पर्स टेकवायच्या आणि निवांत भेंडी मोडायच्या.

सोबत शाळेतली नात असली तर ती लाजून लाल व्हायची. “आजी, यू कान्ट ब्रेक देम!”

“मोडल्याबिगर कसं कळन बेटा, कवळी आहे का जून?”

मग काउंटरवर येऊन, सगळं वजन झाल्यावर, बिल निघायच्या आत त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. “वर काय देता, भाऊ?”

परदेशात राहत असाल तर अशी मावशी तुम्ही पाहिली असेलच. मुलीच्या बाळंतपणाला आलेली, साडीवर जावयाचं जॅकेट, पायात मुलीचे जुने स्पोर्ट्स शूज, हातात बाबागाडी. फुटपाथवर दुसरी कोणी साडी दिसली की थांबणारी. या मावशी नागपूरच्या. सिडनीच्या कडेला, स्कोफिल्ड्सला आमच्या नव्या वस्तीत काही महिन्यांसाठी म्हणून आल्या, नातू झाला, आणि जग बंद पडलं.

आता माझं सांगतो. मी नाशिकच्या बाजारात आईशेजारी पोत्यावर बसून भाव करायला शिकलो. इथे कुकरीच्या कोर्सवर आलो, भांडी घासली, टॅक्सी चालवली, मग दुकान टाकलं. पहाटे होलसेल मार्केटात लेबनीज आणि व्हिएतनामी व्यापाऱ्यांशी भांडून माल उचलतो. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही, आणि फुकट हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. भाजीवर कढीपत्त्याची डहाळी, दोन मिरच्या, हा आपल्याकडचा रिवाज मला माहीत नाही असं नाही. मी तोच रिवाज पाळत मोठा झालो. पण इथे कढीपत्ता क्वीन्सलँडहून येतो, त्याला पाकीट असतं, पाकिटाला बारकोड असतो. हिवाळ्यात तर विचारू नका.

“वर पावती देतो, मावशी. छापील आहे.”

“पावतीची फोडणी देऊ का वरणाला?”

रांगेतली माणसं हसायची. मी चिडायचो. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. घेण्यासारखं काही नसलं तरी आलं घ्यायला, लिंबू घ्यायला. मुलगी नर्स, ती शिफ्टला गेलेली असायची. जावई वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. घरात टीव्ही लावला की वरून आवाज यायचा, “आई, प्लीज, मीटिंग आहे.” बाळ झोपलं की मिक्सर बंद. त्या एवढ्या मोठ्या घरात मोठ्याने बोलायची जागा नव्हती. माझ्या दुकानात होती.

पुढे पुढे त्या साक्षीदार आणायला लागल्या. इथल्या दुपारी नागपुरात सकाळ असते, तेव्हा दारावर भाजीची गाडी येते. मावशी काउंटरवर फोन उभा करून नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावायच्या. काका एसटीतून निवृत्त झालेले. फोन कसा धरायचा हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पडद्यावर कायम टक्कल, त्यावर चष्म्याची वरची कड, मागे आंब्याचं झाड.

“अहो, भेंडी काय भावानं देऊन राहिला तो?”

टक्कल वळायचं, गाडीवाल्याला विचारायचं आणि भाव सांगायचं. मावशी तो भाव मला ऐकवायच्या, जणू मी नागपूर ते सिडनी सायकलवर माल आणतो.

“आणि कढीपत्ता?”

“कढीपत्त्याचे कोण पैसे घेते? त्याला म्हणा, आम्ही बकरीला घालतो.”

“काका, बकरीला इकडे पाठवा,” मी ओरडायचो.

“जय भीम, भाऊ! हिला काही देऊ नका. एकदा दिलं की डोक्यावर बसते. मला विचारा.”

मी दिलंच नाही. वर्षभर रोज मागितलं, वर्षभर रोज नाही म्हटलं. त्यांनाही ते पाकीट हवं होतं असं मला वाटत नाही. मुलीच्या परसात कुंडीत कढीपत्त्याचं रोप होतं, मरतुकडं पण होतं. त्यांना मागायचं होतं आणि मला नाही म्हणायचं होतं.

त्या परत का गेल्या नाहीत, असं तुम्ही विचाराल. आधी विमानं नव्हती. मग थोडी सुरू झाली तेव्हा मुलीची रजा संपली आणि बाळाला बघायला कोणी नव्हतं. मग काकाच म्हणाले, तिथंच राहा, इथलं काही खरं नाही. मावशी माझ्याकडून बासमतीच्या रिकाम्या, चेनवाल्या पिशव्या मात्र नेत राहिल्या. त्यात घरी न्यायचं सामान भरत होत्या. काकांसाठी स्वेटर, काकांसाठी बूट. नागपुरात स्वेटर कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, “घालतील पहाटे फिरताना. ऑस्ट्रेलियाचा आहे म्हणून सांगतील लोकायला.”

तिकडे दुसरी लाट आली. फोन काउंटरवर उभा राहायचा बंद झाला.

“हे दवाखान्यात आहेत, भाऊ. ऑक्सिजनचा मास्क लावला म्हणे. बोलता येत नाही.”

“होतील बरे.”

“हो. होतीलच.” मग पर्स उघडत, “वर काय देता?”

“पावती.”

काही दिवसांनी दुपारी मुलगी एकटीच आली. अंगावर हॉस्पिटलचे कपडे. दुकानात कोणी नाही हे बघून काउंटरजवळ आली.

“दादा, बाबा गेले. परवा.”

मी काहीतरी बोललो असेन. ती थांबली नाही, घाईत होती, पार्किंगमध्ये गाडी चालूच ठेवली होती.

“आईला सांगितलेलं नाही. सांगून काय करू? विमान नाही. तिला जाता येणार नाही, बघता येणार नाही, इथे चार भिंतींत रडत बसेल. बॉर्डर उघडली की मी स्वतः घेऊन जाते. तिकडे मावश्या आहेत, आत्या आहेत, सगळ्यांच्यात सांगू. तोपर्यंत आजारी आहेत एवढंच. तुमच्याकडे सगळे येतात, ती रोज येते. प्लीज दादा.”

आपल्याकडे हे असं करतात. म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी एकटं असताना देत नाहीत, माणसं जमवून देतात. फक्त आपल्याकडे माणसं जमायला एक रात्र लागते. इथे किती महिने लागतील ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “माझ्या तोंडून शब्द जाणार नाही.”

नीट लक्षात ठेवा, मी काय म्हणालो ते. कारण आमच्या वस्तीत अजून असे लोक आहेत जे म्हणतात, दुकानदाराने सांगितलं. मी सांगितलं नाही.

घरात सगळी व्यवस्था झाली होती. नातेवाइकांच्या ग्रुपमधून मावशींना काढलं होतं, फोनमध्ये बिघाड आहे असं सांगून. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ऑनलाइन झाला. मीही दुकानाच्या मागच्या खोलीतून बघत होतो. नागपूरच्या चौकोनात फुलं, मेणबत्त्या आणि काकांचा फोटो. काकांचं पूर्ण तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांना जाड मिशा होत्या. दुसऱ्या चौकोनात मुलगी आणि जावई, वरच्या खोलीत, दार लावून. मध्येच त्यांच्यामागचं दार अर्धवट उघडलं आणि एक हात आत आला, हातात चहाचे दोन कप असलेला ट्रे. जावयाने पटकन उठून ट्रे घेतला. दार बंद झालं. कार्यक्रम चालू राहिला. आवाज बंद केलेला होता, त्यामुळे कोण काय बोललं कळलं नाही.

त्यानंतरही त्या रोज येत राहिल्या. सिडनीत पुन्हा लॉकडाउन लागला होता. दारात मोबाईलने नोंद, जमिनीवर उभं राहायचे गोल, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी मुद्दाम पूर्वीसारखाच वागत होतो. भेंडी मोडली की ओरडायचो. वर काय देता म्हटलं की पावती म्हणायचो. मावशींकडे न बघता बोलायची सवय लावून घेतली. त्या सांगायच्या, आज डॉक्टर म्हणे थोडा फरक आहे. मी वजन करायचो. माझं डोकं त्या दिवसांत बधिर झालेल्या हातासारखं झालं होतं. चालत होतं, पण त्याला काही लागत नव्हतं.

आणि मग त्या सकाळचा प्रसंग. मागे तीन-चार गिऱ्हाइकं आपापल्या गोलात उभी. मावशींनी भेंडी ठेवली, लिंबं ठेवली आणि म्हणाल्या, “एक बासमतीची पिशवी पाहा बरं रिकामी. यांच्यासाठी अजून एक पॅन्ट घेतली. दवाखान्यातून आले की ढगळ होतील यांना जुन्या. बारीक झाले असतील.”

मी खाली वाकून पिशवी काढली. तिची घडी केली. माझा हात बाजूच्या ट्रेकडे गेला, कढीपत्त्याचं पाकीट उचललं आणि त्यांच्या भाजीच्या पिशवीत टाकलं. मी ठरवलं नव्हतं. हात गेला.

मावशी थांबल्या. पिशवीत बघितलं. पाकीट बाहेर काढून काउंटरवर ठेवलं.

“मी मागितलं नाही अजून.”

“असू द्या, मावशी.”

“मागितल्यावर देत नाही तुम्ही.”

“आज माल जास्त आला.”

त्यांनी ट्रेकडे बघितलं. ट्रेमध्ये तेवढंच एक पाकीट होतं. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मास्कच्या वर नुसते डोळे. मी कितीतरी व्यापाऱ्यांसमोर डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिलो आहे, समोरचा आधी हलतो हे मला माहीत आहे. त्या दिवशी मी आधी मशीनकडे बघितलं.

“बिल करा,” त्या म्हणाल्या.

मी बिल केलं. पाकीट काउंटरवरच राहिलं. बाबागाडी ढकलत त्या बाहेर गेल्या, दारातला उतार नेहमीसारखा सांभाळून. मागचा माणूस पुढच्या गोलात आला.

पुढचं मला मुलीकडूनच कळलं, तेही फोनवर ओरडताना. मावशींनी घरी जाऊन भेंडी केली. जावयाचं ताट वर दिलं. नातीला भरवलं, बाळाला झोपवलं. मुलगी शिफ्टवरून आली, तिचं जेवण झालं, आणि तिचं ताट उचलताना त्यांनी विचारलं, “बाबा कधी गेले?”

“एवढंच सांगितलं होतं दादा तुम्हाला! एवढंच!”

“मी एक शब्द बोललो नाही!”

“मग तिला कळलं कसं? दुकानातून आली आणि कळलं. भिंतीने सांगितलं का?”

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुझ्या घरातलं मरण लपवायला मी दुकान उघडलेलं नाही. म्हटलं, चहाचा ट्रे दारातून घेतलात ते मी बघितलं. तिने फोन ठेवला. त्यानंतर ते कुटुंब माझ्याकडे आलं नाही. त्यांच्या ओळखीचीही बरीच माणसं यायची बंद झाली, लांबच्या सुपरमार्केटला जायला लागली. लॉकडाउनमध्ये घरोघरी पिठाच्या गोण्या मी पोचवल्या होत्या. ते कोणी बोलत नाही. दुकानदार तोंडाचा फाटका, हे मात्र सगळ्यांना पाठ आहे.

मावशीही आल्या नाहीत. कधी फुटपाथवरून बाबागाडी घेऊन जाताना दिसायच्या, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली. दुकानाकडे न बघता जायच्या. रडलेल्या वगैरे दिसत नव्हत्या. बाकीच्यांसारख्याच दिसत होत्या.

बॉर्डर उघडली. एका दुपारी दारात गाडी थांबली. मुलगी स्टिअरिंगवरच बसून राहिली. मावशी आत आल्या.

त्यांनी पिशवी घेतली आणि भेंडीच्या खोक्यातून मुठीमुठीने भेंडी भरली. काउंटरवर ठेवली.

“उद्याचं विमान आहे. लेकरायला आज भेंडी करून घालते. येते, भाऊ.”

मी वजन केलं. मग राहवलं नाही. “मावशी, मुलीला एकदा सांगा. मी बोललो नव्हतो.”

“सांगितलं जी.”

“मग?”

“ती म्हणते, मग तुला कळलं कसं?” त्यांनी पैसे काढून ठेवले. “काय सांगू तिला? कढीपत्ता दिला म्हणून?”

मी पावती फाडून दिली, त्यांनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली. मी वाट बघत होतो. त्यांनी ‘वर काय देता’ विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, नेहमीसारखं. त्यांनी विचारलं नाही. “जय भीम,” म्हणाल्या आणि गेल्या. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

नंतर मी भेंडीच्या खोक्यापाशी गेलो. माल दोन दिवसांचा होता, वरची जून होती, खालची बरी होती. एकाही भेंडीचं शेपूट मोडलेलं नव्हतं.

पाटी अजून तिथेच आहे. आता कोणी मोडत नाही.