म्हणून सर

आमच्या सरांइतक्या तुच्छतेने फळ्याकडे बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बँकेच्या परीक्षेत येणारा तर्काचा प्रश्न ते फळ्यावर लिहीत, त्यातल्या ‘म्हणून’भोवती लाल खडूने गोल काढत आणि नाक मुरडून बाजूला उभे राहत. आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीत त्यांचं नावच म्हणून सर पडलं होतं. क्लासच्या खाली कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. त्या खडखडाटात सरांना तिरस्कारसुद्धा ओरडून करावा लागे.

कर्तव्याचा प्रश्न आला की त्यांना विशेष चेव यायचा. ‘श्रीमंत माणूस मदत करू शकतो, म्हणून त्याने ती केलीच पाहिजे.’ आम्ही माना डोलवायचो.

“करू शकतो आणि केलीच पाहिजे, यांच्या मधलं वाक्य कुठंय? तुझ्या मामाच्या खिशात?”

गहिवर आणणारा पर्याय त्यांच्या मते हमखास चुकीचा. “आधी डोळे पुसा, मग उत्तर निवडा,” म्हणायचे.

मग अमळनेरकडच्या गावी त्यांचा थोरला भाऊ लकव्याने अंथरुणाला खिळला. लग्न न झालेला, एकटा. याच भावाने आई गेल्याचं सरांना कळवलंही नव्हतं. तेराव्यानंतर कुणा परक्याकडून त्यांना समजलं. तरी शेजारच्या डिंडोलीचे तीन नातेवाईक उपदेश करायला भर वर्गात येऊन बसले.

“सख्खा भाऊ शे तुना. जानंच पडी,” पहिले म्हणाले.

“सख्खा आहे, हे नातं झालं. कारण सांगा.”

“लोके काय म्हनतीन?” दुसरे म्हणाले.

“हा तर युक्तिवादच नाही.”

“तुले पोरंसोरं नहीत. तूच मोकया शेस,” तिसरे म्हणाले.

“मोकळे तर तुम्हीही आहात, मिलची नोकरी सुटल्यापासून.”

तिघे फणकाऱ्याने उठून गेले. आम्ही बाकं बडवली. इतकी मजा त्या क्लासात कधी आली नव्हती.

आठवड्याभरात क्लासला कुलूप लागलं. आयुष्यभर खपून उभं केलेलं सगळं मोडून सर गावी निघून गेले होते.

“आम्ही समजाडं म्हनीसन गया तो,” म्हणजे यांनी समजावलं म्हणून सर गेले, असं ते तिघे आता चहाच्या टपरीवर सांगत फिरू लागले. त्यांच्यातल्या एकानेही त्या भावाला कधी पेलाभर पाणी पाजलेलं नाही. मला इतका संताप आला, की मी सरांनाच फोन लावला.

“सर, त्यांचा युक्तिवाद तर भिकार होता!”

“भिकारच होता,” सर म्हणाले. “पण त्यावरून मी येऊ नये, हे कुठून काढलंस? इतकं शिकवून—” तेवढ्यात मागून कुणी तरी ओरडलं, आणि सर घाईने म्हणाले, “थांब, दादाला कुशीवर वळवायचंय.”

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पलीकडे भाऊ बोबड्या जिभेने त्यांना शिव्या घालत होता, आणि आमचे सर त्यातला एकही शब्द न खोडता “हो दादा, हो” म्हणत होते.