खांबावरचा वरचा पट्टा

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एप्रिल महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात आग लागली. घडी विभागात त्या वेळी एकेचाळीस बायका काम करत होत्या. सगळ्या बाहेर आल्या. त्यांत माझी थोरली बहीण होती.

मी तेव्हा पालघरहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. या आगीची बातमी मीच पाठवली. ती चार ओळींची आली आणि तिच्यात एका माणसाचा उल्लेख राहून गेला. त्याची हकिगत मी नंतरच्या काही आठवड्यांत त्याच्याकडून, बहिणीकडून आणि विभागाच्या सुपरवायझरकडून ऐकली. तिघांच्या सांगण्यात महत्त्वाचा फरक नव्हता.

कारखान्यात कापड धुऊन, रंगवून, गरम हवेच्या लांब यंत्रातून वाळवून बाहेर येई आणि घडी विभागात त्याची थाने बांधली जात. वाळवणीचे यंत्र आणि घडी विभाग एकाच उंच पत्र्याखाली होते. मध्ये डोक्याएवढ्या उंचीची भिंत. यंत्राची वाफ भिंतीवरून इकडे येई. छताला धूर ओळखणारी उपकरणे होती, पण ती वाफेनेही वाजत, म्हणून त्या भागातली बंद करून ठेवली होती.

कॅमेरे आगीसाठी लावलेले नव्हते. थाने चोरीला जात होती, म्हणून लावले होते. एकूण चार. फाटकाजवळच्या खोलीत एक काळापांढरा पडदा होता आणि त्यावर चारही चित्रे आळीपाळीने येत. एखादे चित्र थांबवून बघायचे तर बटण दाबावे लागे. तिथे बसायला ठेकेदाराने एक रखवालदार दिला होता. मनोरच्या बाजूच्या डोंगरातला, चाळिशी ओलांडलेला. घरी पावसावरची थोडी जमीन, भात आणि नागली. त्याआधीची बारा-तेरा वर्षे तो दिवाळीनंतर बायकोसह वीटभट्टीवर जायचा. या नोकरीमुळे ते जाणे थांबले होते आणि त्याच्या दोन्ही मुली गावच्या शाळेत एका जागी राहिल्या होत्या.

घडी विभागातल्या बायका त्याला मामा म्हणत. पाळी सुटताना खिडकीतून एखादी विचारायची, "मामा, आज कोनता पिक्चर हाय?"

"तुमचाच. कालचाच. परवाबी तोच."

"मग बगता कशाला?"

"हिरॉइनी पळून नाय जाव्या म्हनून."

त्या वर्षी जानेवारीत त्याच्याकडून एक चूक झाली. वाळवणी यंत्राचे दार उघडले गेले, वाफेचा मोठा लोट आला आणि पडदा पांढरा झाला. त्याने खोलीतले धोक्याच्या भोंग्याचे बटण दाबले. विभाग रिकामा झाला, यंत्र थांबवले गेले, आत अडकलेले कापड उष्णतेने पिवळे पडले. सुपरवायझर खोलीत आला. तो म्हणाला, "वाफ आणि धूर कळत नसेल तर ठेकेदाराला दुसरा माणूस पाठवायला सांगतो. पुढच्या वेळी आधी फोन करायचा. मी सांगितल्याशिवाय भोंग्याला हात लावायचा नाही. परत असं झालं तर तू घरी."

रखवालदाराने मला सांगितले की त्याला वाफ आणि धूर कळत होते. भट्टी पेटवली की पहिल्यांदा ओल्या विटांची वाफ निघते, मागाहून धूर. भट्टीवरच्या माणसाला तो फरक लांबून दिसावा लागतो. "वाफ येते नि सरते. धूर आला की बसून राहतो. पन तिथं उघड्यावर मला मागं झाड दिसं, डोंगर दिसं. ह्या टीव्हीत मागं कायच नाय. सगळं राखाडी. कशावरून वळखू?"

त्याने त्यावर उपाय केला. फेब्रुवारीत रंगारी खांबांच्या तळाला पिवळा रंग देत होते. त्यांना त्याने प्रत्येक खांबावर दोन पांढरे पट्टे मारायला लावले. एक माणसाच्या उंचीवर, दुसरा शिडी लावून पत्र्याच्या हातभर खाली. रंगाऱ्यांपैकी एकाने विचारले, "ये किसलिये, मामा?" त्याने सांगितले, "साहेबांनी सांगितलंय." साहेबांनी सांगितलेले नव्हते. त्यानंतर तो पडद्यावर माणसे कमी आणि पट्टे जास्त बघू लागला. वाफ आली की वरचा पट्टा जाई. तो आकडे मोजे. विसाच्या आत पट्टा परत दिसे. दोन महिने रोज दिसला.

त्या मंगळवारी तिसऱ्या कॅमेऱ्यातल्या शेवटच्या खांबाचा वरचा पट्टा गेला. त्याने बटण दाबून चित्र थांबवले आणि मोजायला सुरुवात केली. वीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. पट्टा आला नाही. अलीकडच्या खांबाचाही वरचा पट्टा फिका होऊ लागला. खालचे सगळे पट्टे स्वच्छ दिसत होते आणि त्यांच्या मधून बायका नेहमीसारख्या वावरत होत्या.

आत वास आधीच आला होता. बहीण म्हणाली, पाचदहा मिनिटे तरी येत होता. पण एप्रिलमध्ये आमच्या भागात धुराचा वास येतोच. भाताची रोपे जिथे टाकायची त्या जमिनीवर शेतकरी पाला, फांद्या, शेण पसरून राब भाजतात, आणि त्या दिवसांत वसाहतीच्या चारी बाजूंना कुठे ना कुठे ते चालू असते. टेबलावर समोर बसणारी चिंचणीची बाई म्हणाली, "कुनीतरी राब लावला वाटतं." बहिणीने मान डोलावली. एकेचाळीस जणींपैकी बहुतेकींच्या घरी शेत होते. कोणीही उठले नाही.

रखवालदाराने फोन केला. सुपरवायझरने उचलला.

"साहेब, तीन नंबरात धूर हाय. शेवटच्या खांबापाशी, वरती."

"वाफ असेल."

"वाफ नाय. सरत नाय."

"वास मलाही येतोय. बाहेर राब जाळतायत. बायकाही तेच म्हणतायत."

"साहेब, आता तीन वाजलं. समुद्राचा वारा सुटलाय. ह्या वाऱ्यात राब कोन लावंल? रानच पेटंल. आमी सकाळी लावतो, नायतर दिवस बुडताना."

"तू पडदा बघ. मी जाऊन बघतो. भोंग्याला हात लावू नकोस."

त्याने फोन ठेवला. सुपरवायझरची खोली विभागाच्या दुसऱ्या टोकाला होती. तो शेवटच्या खांबापर्यंत पोचेपर्यंत किती वेळ जाईल याचा अंदाज रखवालदाराला होता. नोकरीचा विचार आला का, असे मी त्याला विचारले. "आला," तो म्हणाला. "पोरींचा आला. भट्टीचाबी आला." मग त्याने अलीकडच्या खांबाकडे पाहिले. तिथला वरचा पट्टा आता पुरता गेला होता. त्याने भोंगा दाबला आणि बोट काढले नाही.

बायका उठल्या. जानेवारीतला प्रकार आठवून काही जणी हसत होत्या. कोणीतरी म्हणाले, "मामा झोपंत पडला बटनावर." बहिणीने डबा घ्यावा की नाही याचा विचार केला आणि तो तिथेच ठेवला. बायका दारापाशी पोचल्या तेव्हा सुपरवायझर शेवटच्या खांबाकडून पळत आला. तो ओरडत नव्हता. तो प्रत्येकीच्या पाठीला हात लावून तिला बाहेर ढकलत होता.

वाळवणी यंत्राच्या गरम हवेचा पत्र्याचा नळ छताखालून जात होता. त्याच्यावर कापडाच्या बारीक तंतूंची तूस साचली होती. ती आतल्या आत धुमसली, पेटली आणि खाली बांधलेल्या थानांवर पडली. शेवटची बाई बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात दाराकडच्या वाटेच्या दोन्ही बाजूंची थाने पेटली. अग्निशमन गाडी वसाहतीतूनच आली. आग संध्याकाळी साडेसहाला विझली. विभागाचा निम्मा पत्रा खाली आला होता. कोणालाही इजा झाली नाही.

त्या संध्याकाळी बहीण एसटीने नेहमीपेक्षा उशिरा घरी आली. आईने विचारले, "डबा कुठाय?" बहीण म्हणाली, "जळला." मग तिने हातपाय धुतले आणि सगळे सांगितले. आई ऐकत राहिली. शेवटी तिने एवढेच विचारले, की त्या माणसाला घरी कोण कोण आहे.

रविवारी बहीण आणि मी त्याच्या गावी गेलो. आईने ताडगोळे दिले होते. तो अंगणात दोरी वळत बसला होता. घरात बोलावून त्याने आम्हाला पाणी दिले. बहीण पहिल्यांदाच त्याला दादा म्हणाली. "दादा, तुमी नसता तर आमी आत राब राब करत बसलो असतो."

"मी काय केलं, ताई? मी बगत बसलो होतो. त्याचंच काम दिलंय."

"साहेब काय म्हनले?"

"अजून कायच नाय. येत्या शनवारपर्यंत मला रजेवर राहा म्हनले. मंग बगू."

त्याच्या मुली ताडगोळे सोलत होत्या. त्याने धाकटीला पहिला आम्हाला द्यायला सांगितला.

बातमीत मी त्याच्याबद्दल दोन वाक्ये लिहिली होती. जागेअभावी ती गेली, असे मुंबईच्या कार्यालयातून कळले. बहिणीने त्यानंतर त्या कारखान्यात अनेक वर्षे काम केले आणि माझ्या लग्नात ती पुढे होती. ते दोन वाक्यांचे राहिलेले काम मी इथे करतो आहे.

सुपरवायझरने आगीच्या चौकशीत दोन गोष्टी स्वतःहून सांगितल्या. भोंगा वाजवू नकोस असे आपण सांगितले होते, आणि तो वाजला तेव्हा आपण खांबापासून निम्म्या वाटेवर होतो. पुढच्या आठवड्यात पडद्याच्या खोलीत एक टाइप केलेला कागद चिकटवण्यात आला. रखवालदाराने भोंगा वाजवण्यासाठी कोणालाही विचारण्याची गरज नाही, असे त्यावर होते. खाली सुपरवायझरची सही होती. नवा पत्रा चढला तेव्हा सर्व खांबांवर दोन-दोन पट्टे मारण्यात आले.

जुलैत रखवालदाराने भातलावणीसाठी बारा दिवसांची रजा मागितली. ती मंजूर झाली. तेराव्या दिवशी सकाळच्या पाळीला तो कामावर हजर झाला.